कलेजी बंद होती तो आठवडा

ताई,

घरात माणसं येताहेत आणि प्रत्येक जण टेकल्या टेकल्या विचारतो, "काय झालं होतं हो?" मी म्हणते, अचानक गेल्या. ते मान हलवतात, थोडं बसतात आणि समाधानानं उठून जातात. मला मात्र दर वेळी वाटतं, आतल्या खोलीतून तुमचा आवाज येईल, की अचानक हे काही कारण नव्हे. तुमच्या लॅबमध्ये कुणी नुसतं 'अशक्तपणा' असं लिहून रक्त पाठवलं, तर तुम्ही ती चिठ्ठी टेबलावर आपटायचात. अशक्तपणा कधीपासून, कशानं वाढतो, काय खाल्ल्यावर कमी होतो, विचारून या म्हणायचात. आणि आता तुमच्याच बाबतीत भिलाईच्या आपल्या सगळ्या सेक्टरभर 'अचानक' हा एकच शब्द फिरतोय. तुम्हाला तो चालला नसता. मलाही चालत नाहीये.

डॉक्टर नणंद आणि तीही बिनलग्नाची, भावाच्याच क्वार्टरमध्ये राहणारी, हे ऐकून माझ्या आईनं वर्ध्याहून निघताना मला जपून राहायला सांगितलं होतं. मी जपूनच राहिले. पण तुम्ही सासुरवास करायच्या भानगडीत कधी पडलाच नाहीत, तुम्हाला तेवढा वेळच नव्हता. स्वयंपाक तुम्हाला येत नव्हता आणि त्याची लाजही नव्हती. तुम्ही फक्त ओट्याशी उभ्या राहून प्रश्न विचारायचात. डाळ शिजताना वर फेस कावून येते? एकाच पिठाची एक पोळी फुगते अन् दुसरी नाही, असं कसं? मी वैतागायची. दुर्गच्या बाजारातल्या त्या खाजगी दवाखान्यात दिवसभर काचपट्ट्या बघून तुमचं पोट भरत नव्हतं, घरी येऊन माझ्या पोळ्या तपासायच्या होत्या.

आल्यागेल्यांना मी तुमच्या डिग्र्या सांगत नाही, ते तुमचे भाऊ वसंता सांगतात. माझ्या डोक्यात एकच वर्ष घोळतंय. आपली मंजू तेव्हा दुसरीत होती आणि मी मरणार असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. मीसुद्धा.

सुरुवात तापानं झाली. संध्याकाळी कणकण, उजव्या कुशीत वर, बरगडीखाली दुखणं, जेवणावरची वासना गेलेली. शाळेत फळ्यावर हात उंच करून लिहिताना कळ यायची, म्हणून मी मुलांनाच फळ्याशी बोलवून लिहायला लावायची. आपल्या भागात हे दुखणं म्हटलं की कुणीही डॉक्टर लिव्हरला आमांशाचं गळू झालं असंच म्हणणार, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. माझ्याही बाबतीत तेच म्हटलं गेलं. त्या कडू गोळ्यांनी तोंडाला गंजल्या लोखंडासारखी चव यायची. गोळ्या संपल्या, ताप नाही संपला. मग सोनोग्राफी झाली. तिच्यात लिव्हरवर एक नाही, बरेच डाग दिसले, आणि त्या दिवसापासून घरातले लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले.

नागपूरच्या सर्जननं कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही. पोट उघडून बघावं लागेल, तुकडा घ्यावा लागेल, मग काय ते ठरवू, असं ते म्हणाले. पुढच्या सोमवारची वेळ दिली. परत येताना गाडीत वसंता खिडकीतून बाहेर बघत बसले होते आणि मी मनात मंजूच्या लग्नापर्यंत पोचून परत आले होते. तिचे केस कोण विंचरणार, इथून सुरुवात केली होती मी. वसंतांना वेणी घालता येत नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. तेव्हा मला खरंच भीती वाटत होती, ताई.

तुम्ही मात्र माझ्या रक्ताच्या मागे लागला होता. एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी त्यात फार झाल्या होत्या. डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालसर कण भरलेल्या पेशी, तुम्ही मला नंतर दाखवल्यात. जंत असले की त्या वाढतात, आणि आपल्याकडे जंत कुणाला नाहीत, म्हणून कुणी त्याकडे फारसं बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलंत. एवढ्या पेशी साध्या जंतानं होत नाहीत, असा हेका धरलात आणि रोज सकाळी माझ्याकडून एक डबी मागायला लागलात. नणंदेला रोज सकाळी शौचाची डबी भरून देणारी भिलाईतली मी एकटीच भावजय असेन. लाजेनं मी ती वर्तमानपत्रात गुंडाळायची. तुम्ही ती पर्समध्ये टाकून बसस्टॉपवर जायचात.

किती तरी दिवस काही सापडलं नाही. आणि एका दुपारी, मी नागपूरची पिशवी भरत असताना, तुम्ही लॅब सोडून रिक्षानं घरी आलात. तुम्ही रिक्षा करत नव्हता कधी. पदरानं मान पुसत दारातूनच म्हणालात की अंडं दिसलं. मोठं, पिवळसर तपकिरी, आणि एका टोकाला चक्क झाकण असलेलं. गायी-बकऱ्यांच्या लिव्हरमध्ये राहणारा पानासारखा चपटा किडा असतो, लिव्हर फ्लूक, त्याचं ते अंडं होतं. माणसात हा किडा सहसा सापडत नाही. तुम्ही पुस्तकातल्या चित्राबाहेर तो कधी पाहिला नव्हता. मला काहीच नीट कळलं नाही, पण कॅन्सरची गाठ नाही एवढं कळलं आणि मी तिथेच पलंगावर बसले.

मग तुम्ही मला विचारलंत, "कुंदा, कलेजी कधी खाल्ली तू?"

आता ही कलेजी माझ्या ताटात आणली कुणी? तुम्हीच, ताई. हिमोग्लोबिन खाली गेलं होतं म्हणून तुम्हीच वसंतांना सांगितलं होतं की हिला बकऱ्याची कलेजी खाऊ घाल. आणि आपल्या लोकांना तेवढं पुरतं. लिव्हर आजारी, तर लिव्हरच खा, याच्याइतकं पटणारं औषध आणखी कुठलं? वसंता जवळपास रोज पानाच्या पुड्यात कलेजी आणायचे. मी काळ्या मसाल्यात परतायची आणि तोंडाला चव नसताना ती एकच गोष्ट गिळायची. मी म्हटलं, "कालच खाल्ली. परवाबी. तुम्हीच तं सांगतलं होतं."

तुमचा चेहरा असा उतरला की मला वाटलं मी काहीतरी गुन्हा केला. बकऱ्याच्या कलेजीत तो किडा असला, तर त्याची अंडी शिजवूनही आकारानं तशीच राहतात आणि खाणाऱ्याच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात. म्हणजे तुम्हाला दिसलेलं अंडं माझ्या लिव्हरमधल्या किड्याचं असेल, किंवा एखाद्या मेलेल्या बकऱ्याचं. मला हसूच आलं. एवढं करून बकऱ्याचा रिपोर्ट आला की काय, असं मी म्हणाले. तुम्ही हसला नाहीत.

उपाय तुम्ही लगेच सांगितलात. आठवडाभर कलेजी बंद, रस्सासुद्धा नाही, त्या कढईतलं दुसरंही काही नाही. मग पुन्हा तपासायचं. अंडी दिसेनाशी झाली तर ती बकऱ्याची होती. दिसत राहिली तर माझी. पण आठवडा थांबायचं म्हणजे सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकलायचं, आणि तिथं वसंतांचा तोल गेला. तुमच्यासमोर कधी आवाज न चढवणारा तुमचा भाऊ त्या दिवशी म्हणाला, "ताई, तुले शोध लावाचा आहे का माह्या बायकोचा जीव वाचवाचा आहे?"

तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "गाठ असंन तं आठ दिवसांनं काई फरक पडत नाही, वसंता. अन् जंत असंन तं विनाकारण पोट फाडतीन तिचं."

मग तुम्ही दोघं व्हरांड्यात जाऊन बराच वेळ बोलत बसलात. मला आतून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. परत आलात तेव्हा वसंता गप्प होते आणि तुम्ही एकदम खुशीत. नागपूरला फोन करून तुम्ही तारीख बदलून घेतलीत. सर्जन कुरकुरले, पण तुमच्यापुढे कोण किती वेळ कुरकुरणार?

तो आठवडा मला माझ्या लग्नातल्या दिवसांपेक्षा जास्त स्पष्ट आठवतो. तुम्ही रोज संध्याकाळी वेळेत घरी यायला लागलात, जे आधी कधी घडलं नव्हतं. आल्या आल्या आधी कढई हुंगायची. मग माझ्या पलंगाशी स्टूल ओढून त्या किड्याची गोष्ट पुढे चालू. आजचा भाग गोगलगाईचा. अंडं तळ्यात पडतं, झाकण उघडून त्यातून एक जीव पोहत निघतो, आणि त्याला ठराविक जातीची गोगलगाय सापडली नाही तर तो दिवसभरात मरतो. सापडली तर तिच्या अंगात शिरून एकाचे शेकडो होतात. उद्याचा भाग पानाचा. गोगलगाईतून निघालेले जीव पाण्यातल्या पाल्यावर जाऊन बसतात आणि स्वतःभोवती कवच करून घेतात. तो पाला बकरी खाते, गाय खाते. मंजूसुद्धा अभ्यास टाकून ऐकायला यायची आणि वहीत गोगलगाय काढायची.

एक दिवस तर तुम्ही गुरांच्या दवाखान्यातून काचेची बाटलीच घेऊन आलात. दोन किडे, औषधी पाण्यात बुडवलेले, सुकलेल्या कडुलिंबाच्या पानासारखे. जेवायच्या टेबलावर ती बाटली ठेवलीत म्हणून मी आरडाओरडा केला, आणि तुम्ही झोपायला गेल्यावर ती पुन्हा उजेडात धरून बघितली. हा आपल्या आत हिंडतो म्हणजे कसा हिंडत असेल? त्याला डोळे असतात का? माणसात येऊन त्याला काय मिळतं? हे तिसरं मी तुम्हाला विचारलंही. तुम्ही म्हणालात, काहीच नाही, त्याचा पत्ता चुकलेला आहे. त्याला बकरीकडे जायचं होतं. मला त्याची थोडी दयासुद्धा आली, ताई. माझ्या लिव्हरमध्ये चुकून उतरलेला पाहुणा. दुपारी एकटी पडल्या पडल्या मी तुमच्यासाठी प्रश्न जमवायची.

आणि तो पाला माझ्या पोटात आला कसा, यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते परवापर्यंत मिटलं नव्हतं. तुमचं म्हणणं, करमत्ता भाजीनं. आम्हा वर्ध्याकडच्या बायकांना खोडच असते, भाजी निवडता निवडता कोवळे शेंडे तोंडात टाकायचे. हरभऱ्याची भाजी तर निम्मी निवडतानाच संपते. शेतातल्या भाजीला ते चालतं. पण इथली करमत्ता तळ्यातली, पाण्यावर पसरणारी, आणि मी तीही तशीच चावत बसायची, न धुता. इथल्या बायका कधी अशी कच्ची खाणार नाहीत, तुझ्यासारखी वेडी बाहेरूनच यायला पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. माझं म्हणणं, शिंगाड्यानं. शाळेची सहल उतई गावाच्या बाजूला गेली होती तेव्हा आम्ही सगळ्या मास्तरणींनी तळ्याकाठीच ताजे शिंगाडे दातांनी सोलून खाल्ले होते. तुम्ही लगेच विचारायचात, मंग बाकीच्या मास्तरणी कावून आजारी नाही पडल्या?

आठवडा झाला. तुम्ही निरोप पाठवून मला लॅबमध्येच बोलावून घेतलंत. मी शिरले तर तुम्ही नुसतं उठून मला तुमच्या स्टुलावर बसवलंत. मला एक डोळा मिटता येत नव्हता, म्हणून तुम्ही तुमच्या तळव्यानं तो झाकलात. आधी नुसता कचरा दिसला. मग तुम्ही काहीतरी फिरवलंत आणि मधोमध ते आलं. सोनेरी, गुळगुळीत, लांबट, आणि टोकाला खरंच झाकण. एवढे दिवस गोष्टीत ऐकलेलं ते होतं आणि ते माझं होतं. किळस यायला हवी होती, पण मी बघतच राहिले. मागून तुमचा आवाज आला, "पाय, किती सुंदर आहे." माझ्या डोळ्यावरचा हात काढायचं तुम्ही विसरूनच गेला होता.

पुढचं सरळ नव्हतं. माणसासाठी याचं औषध बाजारात मिळत नव्हतं. तुम्ही ओळखीपाळखीच्या सगळ्यांना हैराण करून कुठल्याशा जुन्या, क्वचितच मिळणाऱ्या गोळ्या मिळवल्यात. त्या एक दिवसाआड घ्यायच्या आणि घेतल्या दिवशी मी बाथरूममध्येच राहायची, अंगभर खाज सुटायची. पण ताप उतरला. कुशीतलं दुखणं विरत गेलं. डागही पुढच्या सोनोग्राफ्यांत पुसट होत होत गेले. पोटावर टाका न पडता मी शाळेत परत गेले आणि फळ्यावर हात वर करून लिहिलं.

बरी झाल्यावर आपण दोघी बसनं उतईला गेलो होतो, आठवतं? तुम्हाला तळं बघायचं होतं. साडी खोचून तुम्ही काठच्या चिखलात उतरलात, पानं उलटी करून बघत, गोगलगाई वेचत. धुणं धूत असलेल्या एका बाईनं काय शोधता म्हणून छत्तीसगढीत विचारलं, "का खोजथव, बाई?" तुम्ही हिंदीत तिला किड्याची सगळी गोष्ट सांगायला लागलात. ती ऐकून घेऊन म्हणाली, आम्ही तर भाजी शिजवूनच खातो. तुम्ही विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळून बघितलंत. मी शिंगाड्यांच्या वेलाकडे बोट दाखवलं. आपण तशाच भांडत परत आलो, आणि गोगलगाई तुमच्या पर्समध्ये.

त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मी तुम्हाला चिडवत आले, की तुम्हाला माझ्यापेक्षा त्या किड्याचं कौतुक जास्त. मी मरायला टेकले होते आणि तुम्ही रोज संध्याकाळी सिनेमाची स्टोरी सांगावी तशा खुशीत किड्याची गोष्ट सांगत होता. एकदा भाऊबीजेला सगळ्यांसमोर म्हटलं, वसंता म्हणाले ते खरंच होतं, तुम्हाला शोधच लावायचा होता. तुम्ही ओवाळता ओवाळता हसलात. नाही म्हणाला नाहीत. त्याचं मला थोडं लागायचंही. डॉक्टरला आजार आवडतो, आजारी नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि तरी तुम्ही मला आवडत होता. तुमची खात्री मला आवडायची. सगळे कुजबुजत असताना घरात एका माणसाला खात्री होती, की हा किडाच आहे.

काल शिवनाथ नदीत तुमच्या अस्थी सोडून आलो. वसंता पाय धुवून आत आले आणि माझ्याजवळ जमिनीवर बसले. मी सहज म्हटलं, माझा जीव ताईंच्या खात्रीनं वाचला. त्यावर ते म्हणाले, ताई आता नाही, म्हणून सांगतो.

त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही त्यांना म्हणाला होता, "मले नाही वाटत, वसंता, हा जंत आहे. ते अंडं कलेजीचंच असंन. मले गाठच वाटून राहिली. पण दहात एक जरी आशा असंन तं पोट फाडायच्या आधी पाहून घेऊ. अन् हे कुंदाले सांगू नको. आठ दिवस तिले जंताच्याच गोष्टीत राहू दे."

त्यांनी मला आणखी एक सांगितलं. कॉलेजमध्ये शिकलेलं ते सगळं तुम्ही विसरला होता. गोगलगाय, पान, कवच, काहीच आठवत नव्हतं. म्हणून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही गुरांच्या दवाखान्यात जाऊन त्यांच्या पुस्तकातून संध्याकाळचा भाग वाचून यायचात.

कालपासून मी तुमच्यावर रागवायचा प्रयत्न करतेय. माझ्याच आजाराबद्दल मला खोटं सांगितलंत, यावर मी रागवायला हवं. तुम्हीच तर शिकवलंत की खरं काय ते विचारावं. आणि मला विचारायचंच आहे. काचपट्टी रिकामी निघाली असती तर? त्या संध्याकाळी स्टूल ओढून तुम्ही मला काय सांगितलं असतंत, ठरवून ठेवलं होतं का? की त्याचा विचार करायचं धैर्य तुमच्याकडेही नव्हतं? आता याचं उत्तर कुठल्याच तपासणीत मिळणार नाही आणि मी ते शोधायचंही थांबवणार नाही.

एक मात्र मला नक्की माहीत आहे, ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या आठवड्यात मी मरणाचा विचार एकदाही केला नाही, ताई. तो सगळा तुम्ही एकटीनं केलात.

तुमची,
कुंदा